सर्वसंमतीची अध्यक्षा

लागोपाठ तिसरी निवडणूक हरल्यावर आमच्या पक्षाच्या शहराध्यक्षांनी राजीनामा दिला, तो स्वतःच्याच मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट कुणी काढली नव्हती. ‘शुभविवाह’ या थर्माकोलच्या अक्षरांवर पक्षाचा बॅनर ताणून बांधला होता, पण तो आखूड पडला आणि शेवटचं ‘वाह’ बाहेर राहिलं. त्याच्याखाली उभं राहून अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला.

“समदी जबाबदारी माझी हाय,” ते म्हणाले. “आजपास्नं मी अध्यक्ष न्हाई.”

ते पिंपळे सौदागरच्या जुन्या शेतकरी घरातले. शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हापासून ते समाजसेवेत होते. राजीनाम्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या दोन रांगा उठून ओरडायला लागल्या, “दादा, राजीनामा मागे घ्या!” एकाने तर स्टेजच्या पायरीवर बसकण मारली आणि दादांनी ऐकलं नाही तर अन्नत्याग करीन म्हणाला. अध्यक्ष डोळे पुसत होते, पण रुमालाच्या कडेने कोण ओरडतंय आणि कोण गप्प बसलंय ते नीट बघत होते. मी तिसऱ्याच रांगेच्या टोकाला होते, मला ते स्पष्ट दिसलं.

गप्प बसलेले होते ते वाकडच्या वकीलसाहेबांचे लोक. वकीलसाहेबांना अध्यक्षपद हवं होतं. या गृहस्थांना त्यांच्या टॉवरमधल्या लोकांनी सोसायटीच्या कमिटीवरसुद्धा कधी निवडून दिलं नव्हतं, पण शहराचं नेतृत्व करायची त्यांची तयारी होती.

मी या सगळ्यात कोण? प्रभागाची महिला संघटक. नोकरी चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग तपासण्याची. माझे वडील मराठवाड्यातून पिंपरीत कारखान्यात आले आणि मरेपर्यंत याच पक्षाला मत देत राहिले. आमच्या वसाहतीत जयंतीच्या वर्गणीइतकंच ते ठरलेलं होतं. मी त्या दिवशी रजा टाकून आले होते, कारण बैठकीचं नाव ‘आत्मपरीक्षण’ होतं आणि मी ते खरं मानलं.

मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले होते. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, मऊ आवाजाचे. “मनात काही ठेवू नका,” ते म्हणाले, “मोकळेपणाने बोला.” मग लोक मोकळेपणाने बोलले. एकजण म्हणाला, मशीनमध्येच घोळ आहे. दुसरा म्हणाला, ऊन फार होतं. एका माजी नगरसेवकाने माइक हातात घट्ट धरून सांगितलं, की या शहरातला मतदारच नमकहराम आहे, त्याची आपल्यासारख्यांचं नेतृत्व मिळण्याची लायकी नाही. त्यावर टाळ्या पडल्या. आत्मपरीक्षणात प्रत्येकाने दुसऱ्याचा आत्मा तपासला.

माझी पाळी आली तेव्हा मी जे पाहिलं ते सांगितलं. मतदानाच्या दिवशी दुपारी बिर्याणीची पाकिटं आली म्हणून आमचे बूथवरचे प्रतिनिधी उठले, ते परत आलेच नाहीत. प्रचारभर वाकडच्या एकाही टॉवरच्या गेटच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. चाकणला शिफ्टला जाणारी पोरं सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत हजारोंनी उभी असतात, त्यांच्यापुढे जाऊन कुणी दोन शब्द बोललं नाही, कारण पुढाऱ्यांना त्या वेळी जाग येत नाही.

“आणि अध्यक्षांच्या घरासमोरच्या शाळेतल्या बूथवरही आपण मागे पडलो,” मी म्हणाले. “घरची मतं तरी सगळी पडली का?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी रुमाल खाली घेतला. “ताई,” ते म्हणाले, “तुमी लई भावनेच्या भरात बोलताय.”

पंगत बसली. अन्नत्यागवाला पहिल्या पंगतीत होता. निरीक्षकांनी मात्र मला वधूपक्षाच्या खोलीत बोलावून घेतलं. भिंतीवर मोठा आरसा, कोपऱ्यात सुकलेले गजरे. ते म्हणाले, “शहराध्यक्ष तुम्ही व्हायचं. दोन्ही गटांची संमती आहे.”

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. “माझ्यावर संमती? कशी काय?”

“तुम्ही महिला आहात. कामगार आहात. शिवाय आपल्या समाजाच्या.”

“आपल्या म्हणजे?”

“म्हणजे... तुमच्या,” ते म्हणाले आणि आरशात बघून टोपी सारखी केली.

मला कळलं नाही असं नाही. दोघांपैकी कुणालाच दुसरा नको होता, आणि मी कुणाला आड येईन असं दोघांनाही वाटत नव्हतं. तरी मी हो म्हणाले. म्हटलं, खुर्ची कुठूनही येवो, बसल्यावर काम करता येतं. शिवाय माझ्या गळ्यात हार पडला तेव्हा वडिलांची आठवण आली. घरी आले तर नवऱ्याने हार बघितला आणि विचारलं, “काय, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ?” मग जरा थांबून म्हणाला, “लाभ कुठं दिसला तर मलाही दाखव.”

तो दिसला नाही. पक्षाचं कार्यालय जुन्या अध्यक्षांच्याच इमारतीत होतं, खाली मोबाइलचं दुकान, वर आम्ही. पहिल्या दिवशी मी गेले तर अध्यक्षांच्या खुर्चीवर तेच बसलेले. “या या, ताई,” असं म्हणून त्यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे हात दाखवला. सहीसाठी कागद आधी त्यांच्याकडे जायचा, मग माझ्याकडे. आठवड्याभरात वरून चार कार्याध्यक्ष नेमून आले, दोन यांचे, दोन वकीलसाहेबांचे. माझ्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर माझा फोटो खालच्या रांगेत होता आणि नाव चुकलेलं होतं. वकीलसाहेबांनी त्याबद्दल थेट मुंबईला तक्रार केली. माझ्या नावाबद्दल नव्हे. त्यांचा फोटो दादांच्या फोटोपेक्षा बोटभर लहान होता म्हणून.

मी एकच काम हातात घेतलं. पहिल्या शिफ्टला चाकणला जाणाऱ्या बायकांना पहाटे बस मिळत नाही, रिक्षावाले अवाच्या सवा भाडं मागतात. त्यासाठी बस डेपोवर मोर्चा न्यायचा ठरवला. चारही कार्याध्यक्षांना फोन केला. एकाची सासू आजारी होती, एकाचा फोन लागला नाही, उरलेल्या दोघांनी विचारलं, “टीव्हीवाले येणार आहेत का?” मोर्चाला आल्या त्या आमच्या वसाहतीतल्या आणि कंपनीतल्या बायका. डेपोच्या साहेबांनी आम्हाला बसवून घेतलं, पाणी दिलं, अर्ज घेतला. बस काही सुरू झाली नाही. पण माझ्या अध्यक्षपदाच्या काळात पक्षाने केलेलं तेवढं एकच काम, आणि त्यात पक्ष नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुन्या अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं, “सध्याच्या नेतृत्वात दम न्हाई.” त्याच दिवशी वकीलसाहेबांनीही सांगितलं, “सध्याच्या नेतृत्वात दम नाही.” आयुष्यात या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

मग पुढच्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली आणि एका सकाळी दोघेही सत्ताधारी पक्षात गेले. गंमत अशी की एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दादांनी वकीलसाहेबांच्या आधी गुपचूप जायचं ठरवलं होतं, वकीलसाहेबांनी दादांच्या. स्टेजवर समोरासमोर आले तेव्हा तोंडं बघण्यासारखी झाली. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर ते बघत होते. एकाच वेळी दोघांच्या गळ्यात नवी उपरणी पडली आणि दोघांनी दोन दिशांना माना वळवल्या. त्या पहिल्या बैठकीला माझ्यासोबत आलेली मैत्रीण शेजारी होती, ती म्हणाली, “अगं, ते अन्नत्यागवाले बघ, ते पण आहेत.” खरंच होते. हातात पेढ्याचा बॉक्स होता.

तिकडे त्यांना कुणी विचारलं नाही. तिकडे असे दादा गल्लोगल्ली होते, आणि आमच्याकडे निदान रडल्यावर ओरडायला माणसं होती. वकीलसाहेब तिथेच मागच्या रांगेत चिकटून राहिले. दादा मात्र काही महिन्यांत परतले. परत आले ते माझ्या घरी, मुलाला घेऊन, पेढे घेऊन. मी चहा टाकला.

“ताई, झालं गेलं गंगेला मिळालं,” ते म्हणाले. “पक्ष माझी आई हाय. आईला सोडून लेकरू किती दिस ऱ्हाणार?”

“मग आई काय म्हणते?” माझ्या नवऱ्याने विचारलं.

“मुंबईहून निरोप हाय. अध्यक्षपद पुन्यांदा माझ्याकडं. ताईंनी फकस्त मनाचा मोठेपणा दाखवायचा.”

“चहा घ्या,” मी म्हणाले. “मोठेपणा संपलाय घरातला.”

पुढच्या रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक झाली. तेच निरीक्षक, तोच मऊ आवाज. त्यांनी ठराव वाचला, माझ्या ‘अमूल्य योगदानाबद्दल’ टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाले, “तर दादांची निवड सर्वानुमते...”

मी हात वर केला. “सर्वानुमते नाही. मी विरोधात आहे.”

जेवणारे चमचे हातात धरूनच माझ्याकडे वळले. निरीक्षक हसले. “ताई, एका हाताने काय फरक पडतो?”

“तसं लिहा म्हणजे झालं. एक विरोधात.”

त्यांनी लिहिलं नाही. मी हात खाली घेतला नाही. बराच वेळ असंच चाललं, शेवटी ते चिडून “बहुमताने” म्हणाले आणि लेखणी आपटली. माझ्या मागून आणखी एक हात वर आला होता, हे मला नंतर कळलं. मोर्चाला आलेल्यांतली एक बाई होती ती, कंपनीत सफाईचं काम करणारी. आपला हात सगळ्यांना दिसावा म्हणून ती खुर्चीवर उभी राहिली होती.

बाहेर पडताना दादांनी मला दारात गाठलं. गळ्यात ताजा हार होता. “ताई, यवढा राग बरा न्हाई,” ते म्हणाले.

“राग नाही हो,” मी म्हणाले. “राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा लागतो.”

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. तेवढ्यात कुणीतरी “दादा, फोटो!” अशी हाक मारली आणि ते हार सारखा करत वळले. आम्ही दोघी रस्त्यावर आलो. तिला भूक लागली होती, आत आम्ही काही खाल्लं नव्हतं. कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव घेतला. ती म्हणाली, “आता तुम्ही अध्यक्ष नाही, मग डेपोच्या साहेबांकडं परत जायचं तर कोण म्हणून जायचं?”

“कामाला जाणाऱ्या बायका म्हणून,” मी म्हणाले. “मंगळवारी सुट्टी आहे का तुला?”