काशी मुरबाडला हाय

आमच्या वाडीत मागच्या चौदा महिन्यांत जे जे नीट झालं, ते सगळं देवराम मुरबाडला गेला नाय म्हणून झालं. विहिरीची गिरकी करकरायची, ती गप झाली. शाळेचं कुंपण उभं राहिलं. धोंडीबाईच्या माळ्याला शिडी आली. जगनचा पंप दोन वर्षं गोठ्यात पडून होता, तो पाणी फेकायला लागला. समाजमंदिराच्या पत्र्याची भोकंसुद्धा बुजली, ज्यांच्यासाठी आमच्या पुढाऱ्यांच्या तीन सभा झाल्या होत्या.

हसू नका, खरं सांगते. मी त्याची काकी. तो माझ्या मोठ्या दिराचा पोरगा, पण मी घरात सून म्हणून आले तवा तो दहा वर्षांचा नि मी अठराची. माझ्या लग्नात माझीच चप्पल लपवून बसला होता. त्यामुळं त्याला बोलायचा मला हक्क हाय, आणि मी तो कधी वाया जाऊ देत नाय. वाडी मला ठकीकाकी बोलते, तो नुसतं काकी.

आता मुरबाडचं सांगते. आमच्या घराण्यात माणूस गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हंजे चांदीचा पत्रा, अंगठ्याएवढा, त्याच्यावर ठोकून काढलेलं माणूस. तो देव्हाऱ्यात बाकीच्या टाकांच्या बाजूला बसवायचा. मंग ते माणूस घरी आलं असं समजायचं. ज्यानं सोनाराला सांगितलं, त्यानंच तो आणायचा, हातात धरून. वाटेत खाली ठेवायचा नाय, पिशवीत, खिशात टाकायचा नाय. आणि टाक बसल्याशिवाय त्या घरात हळद लागत नाय.

माझा नवरा गेला तवा त्याचा टाक मी नवव्या दिवशीच घेऊन आले. मला घाई होती. मेल्यावर तरी एका जागी बसंल म्हणून.

देवरामची बायको काशी गेली फाल्गुनात. कावीळ झाली, सहा दिवसांत संपली. तेरावं झालं नि देवराम मुरबाडला जाऊन सोनाराला सांगून आला. सोनार बोलला, आठ दिवसांनी न्यायला या.

आठ दिवस झाल्यावर तो निघाला खरा. धुतलेला शर्ट, हातात पिशवी. त्याच्या घरापासून फाट्यापर्यंत दहा मिनिटांची वाट, आणि वाटेत अकरा घरं. फाट्यावरून जीप सरळगावला, तिथनं मुरबाड. तिसऱ्या घरापाशी धोंडीबाई शिडीवरून पडता पडता राहिली होती नि शिव्या देत होती. देवराम थांबला. बोलला, "दावा बघू." शिडी बघितली, पायरी मोडकी निघाली. शर्ट काढून कुंपणावर टाकला नि बसला ठोकत. जीप गेली. दुसरीपण गेली.

दुपारी मी विचारलं, "काय रे, मुरबाड?"

"उद्या."

"काशी वाट बघत असंल."

"ती मुरबाडला हाय, काकी. कुठं पळतेय."

एस्टीचा टाइम सांगावा तसं बोलला. डोळ्यात पाणी नाय. तो रडलाच नाय कधी. माझी भाकर एकदा करपली होती, ती पण गप खाल्ली त्यानं. मी बोलले, "अरे, काळी हाय." तो बोलला, "हाय का?" नि दुसरी घेतली. तीपण काळीच होती.

मंग ते रोजचंच झालं. सकाळी शर्ट, पिशवी, मुरबाड. आणि अकरा घरांत कुठं ना कुठं काहीतरी मोडलेलं असायचंच. नसलं तं लोक शोधून ठेवायचे. जगनची बायको तं सकाळी दारात येऊन बघायची, देवराम निघाला का. निघाला की हिचा मिक्सर बिघडायचा. मी तिला बोलले, "अगो, तुझा मिक्सर हाय का आजारी म्हातारी, रोज कसा बसतो?"

पण मीच कुठली सोवळी. माझं अंगण त्यानं चोपून दिलं. चूल नवी घातली. भाताची कणगी उसवली होती, ती विणली. एक मोरी तेवढी राहिली, तिचा पाइप थेंब थेंब गळतो. त्याला कुणी सांगितलं नाय की बाबा, हे राहू दे, आधी जा. कोण कशाला सांगंल? एवढा हुशार हात फुकटात मिळत होता, नि तोही दोन्ही वेळ चहावर.

एकदा तं तो पोचलाच होता. पोपटी शर्ट घातला होता त्या दिवशी, काशीनंच घेतलेला. एकाही घरापाशी न थांबता सरळ फाट्यावर गेला. मी बाजूच्या नळावर होते. जीप आली, त्याचा एक पाय वर गेला. नि मी ओरडले, "देवराम! अरे, माझ्या खुराड्याचं बिजागर ढिलं झालंय, कोंबड्या बाहेर जातील!"

तो उतरला. जीपवाला चिडून काहीतरी बोलला. देवराम माझ्याकडं चालत आला तवा त्याचं तोंड मी बघितलं. शाळा सुटल्यावर पोरांचं असतं तसं. मी बादली उचलली नि पुढं चालायला लागले.

हे मी इथं पहिल्यांदाच कबूल करते.

आता नम्रताचं ऐका. देवरामची एकुलती पोर. शहापूरला झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते. सापगावच्या साईनाथबरोबर तिचं ठरलं, माघातली तारीख निघाली. सापगाववाल्यांनी विचारलं, घरचे देव बसले ना? देवराम बोलला, बसतील. माघ गेला, देव काय बसले नाय. तारीख पुढं ढकलली वैशाखात. तवा साईनाथच्या बापानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "देवरामभाऊ, ह्या टायमाला पुढं जाणार नाय. जमत नसंल तं तसं सांगा, आमी दुसरीकडं बघतो."

देवराम बोलला, "बरं." फोन ठेवला नि शेजारच्या गोठ्याची गव्हाण दुरुस्त करायला गेला.

हळदीला पाच दिवस राहिले तवा नम्रता माझ्याकडं आली. उभीच राहिली दारात. तीपण बापावर गेली, आवाज वर नाय नि खाली नाय.

"आजी, मी जाऊन आणू का टाक?"

"तुझ्या हातचा नाय चालत बाय. ज्यानं सांगितला त्यानंच."

"बाबांना सांगितलं मी. ते बोलले, उद्या."

"तं उद्या जाईल."

"आजी, तूपण?" ती बोलली. "आई बसल्याशिवाय मी हळदीला नाय बसणार. सापगावचे गेले तं जाऊ दे. मला फक्त खरं काय ते सांग, म्हंजे दुकानात रजा टाकायची का नाय ते कळंल."

रजा टाकायची का नाय. पोरीचं लग्न मोडायची वेळ आली नि ती रजेचं विचारते. मी तिला चहा दिला.

त्याच संध्याकाळी मी अकरा घरं फिरले. सगळ्यांना सांगितलं, उद्या देवरामला काम द्यायचं नाय. काय मोडलं तं मोडू दे.

धोंडीबाई बोलली, "अगो, माझा माळा अर्धाच शाकारलाय."

"अर्ध्यातच झोप. तू तशीपण अर्धीच राहिलीस आता."

"नि पोरीच्या लग्नानंतर तं करंल ना?"

"धोंडे, तोंड बंद कर नि दारपण बंद कर."

दुसऱ्या दिवशी देवराम निघाला. शर्ट, पिशवी. मी त्याच्या मागं वीसेक पावलांवर. अशी वाट तुमी बघितली नसंल. वैशाखाचं ऊन, नि अकराच्या अकरा दारं लावलेली. तो धोंडीबाईच्या दारात थांबला. "काय काम?" आतून आवाज आला, "काय नाय!" जगनच्या फाटकाचं लाकूड निखळलेलं सगळ्या जगाला दिसत होतं. देवरामनं हात लावला. जगन खिडकीतून बोलला, "राहू दे रे." "खिळा एकच मारायचाय." "राहू दे बोललो ना. मला असंच आवडतं."

देवराम उभा राहिला. दोन्ही हात खाली सोडलेले. ते हात एवढे मोकळे मी वर्षभरात बघितले नव्हते. मंग चालायला लागला.

फाट्यावर पोचले तं हा गावाच्या नावाची पाटी सरळ करतोय. कधीची वाकडी होती. दगडानं खुंटी ठोकत होता. मी जाऊन दगड घेतला त्याच्या हातातला.

"काकी, पडंल ती कुणाच्या अंगावर."

"पडू दे. चल."

"तूपण येतेस?"

"मला बांगड्या घ्यायच्यात."

दोघं जीपमध्ये बसलो. सरळगावला एक बाई टोपली घेऊन चढली, टोपलीचा काठ सुटलेला. देवराम बघत राहिला. मी त्याच्या मांडीवर चापट मारली.

सोनाराचं दुकान बाजारपेठेतल्या बोळात. सोनार म्हातारा, चष्मा कपाळावर. देवरामनं नाव सांगितलं, कधी सांगून गेला ते सांगितलं. मी आपली तयारीत होते, की आता हा म्हातारा बोलेल, चौदा महिने कुठं होतात? त्यानं समोरच्या टेबलाचा खण ओढला, अडकला, दोनदा हिसका दिला तवा उघडला. आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात गुलाबी कागदाच्या पुड्या. एकेक काढून नाव वाचायला लागला.

"हे सगळे टाकच?" देवरामनं विचारलं.

"हो. एकोणीस हायत. तुमचा धरून."

"न्यायला येत नाय कुणी?"

"सांगून जातात. आठ दिवसांनी या बोलतो मी. काही येतात, काही हे असे." त्यानं एक पुडी वर धरली. "ही सहा वर्षं झाली. कुणाचा तरी बाप हाय."

देवराम डब्यात बघत बसला.

"ते लोक काय करत असतील?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत," सोनार बोलला.

"आपापल्या वाडीतल्या शिड्या दुरुस्त करत असतील," मी बोलले.

देवराम हसला नाय. पण मान हलवली. जसं काय त्या अठरा जणांना तो ओळखत होता.

पुडी सापडली. कागदावर लिहिलं होतं, देवराम, बायको. सोनारानं पुडी पुढं केली. देवरामनं हात पुढं केला, नि मंग मागं घेतला.

"तुमचा खण अडकतोय," तो बोलला.

"कधीपास्नं अडकतोय."

"स्क्रू-ड्रायवर हाय का?"

सोनारानं माझ्याकडं बघितलं. मी बोलले, "द्या त्याला." खरं सांगते, मलाच थोडा वेळ पाहिजे होता. त्यानं खण बाहेर काढला, पट्टी घासली, मेणबत्तीचं मेण लावलं, परत बसवला. अर्धा तास गेला. खण बोटानं ढकलला की आत जात होता. सोनारानं चहा मागवला. चहा प्यायलो. मंग दुकानात मोडकं काय उरलं नाय.

देवरामनं पुडी सोडली. पदर घेतलेली बाई, डोळ्याच्या जागी दोन टिंबं, हात दोन्ही बाजूला.

"काशीसारखी नाय दिसत," तो बोलला.

"टाक कुणासारखाच नसतो," सोनार बोलला.

"बरं."

त्यानं टाक उजव्या हातात घेतला नि मूठ मिटली. डाव्या हातानं ती मूठ धरली. तसाच जीपमध्ये बसला, तसाच उतरला. माझ्या बांगड्यांचं त्यानं विचारलं नाय, मीपण आठवण केली नाय.

वाडीत आलो तवा अकरा दारं उघडी. सगळे बाहेर. जगनचं फाटक आता पुरतं खाली आलं होतं, वाटेवर आडवं. देवराम त्याच्यापाशी थांबला. बघितलं. हात दोन्ही गुंतलेले. मंग फाटकावरून पाय टाकून पुढं गेला.

घरात एकच वस्तू त्यानं वर्षभरात दुरुस्त केली नव्हती, ती म्हंजे देव्हाऱ्याची फळी. एका बाजूला कललेली. नम्रतानं खाली शाळेच्या फुटक्या पाटीचा तुकडा सारला, तांदळाची मूठ ठेवली. देवरामनं मूठ उघडली. टाक घामानं ओला झाला होता. त्यानं शर्टाला पुसला नि बसवला. तिच्या सासऱ्याच्या बाजूला. काशीचं नि सासऱ्याचं कधी पटलं नाय, पण आता इलाज नव्हता.

नम्रता बोलली, "मी रजा टाकते मंग." नि मोबाइल घेऊन बाहेर गेली.

हळद झाली. लग्न झालं. पोर सापगावला गेली.

आणि आता आमच्या वाडीची गंमत बघा. विहिरीची गिरकी परत करकरते. जगननं फाटक दोरीनं बांधलंय. धोंडीबाईचा माळा अर्धाच हाय नि ती मला दिसली की शिव्या घालते. देवराम ओट्यावर बसतो. नुसता. कुणी बोलावलं तं बोलतो, "बघू." सकाळी तो शर्टपण घालत नाय, बनियनवरच असतो. बिड्या ओढत नाय, टीव्ही लावत नाय. घर मागं उघडं, नि हा पुढं बसलेला.

परवा मी जाऊन बसले बाजूला. आमची घरं भिंतीला भिंत.

"माझी मोरी गळते रे."

"गळू दे, काकी."

मंग तो बोलला, "त्या खुराड्याचं बिजागर."

"काय?"

"ढिलं नव्हतं. दोन स्क्रू होते, दोन्ही घट्ट. मी काढले नि परत लावले."

काशी नि मी, दोघी एकाच दगडावर धुणं धुवायचो. ती गेल्यापास्नं मी दुसऱ्या दगडावर धुते, लांबचा हाय, पण तिथं धुते.

"मुरबाडला होती तवा बरं होतं," मी बोलले.

"हां," देवराम बोलला.

मोरीचा थेंब तिथपर्यंत ऐकू येत होता. आमी दोघंपण उठलो नाय.