हौसाबाईचं अंगण मी झाडलं

हसणार नसाल तरच सांगते. हसलात तर चहा तसाच ठेवून उठून जाईन. आमच्या आळे गावात ही गोष्ट फिरतेय म्हणे, पण ती सुनीतानं फिरवलेली. तिनं त्यात मीठमसाला घातलाय असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर तिनं बराच कमी घातलाय!

सुनीता म्हणजे आमच्या शेजारच्या कुसुमची पोरगी. घरोघरी फोनसुद्धा नव्हते तेव्हाची गोष्ट. तिला जुन्नरच्या पश्चिमेला, पार डोंगरात, आदिवासी वस्तीच्या गावात मास्तरणीची नोकरी लागली. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून मला ओळखतात.

चैत्र सरत आला होता. कुसुमला पोरीकडं पापड-कुरडया पोचवायच्या होत्या आणि तिचे गुडघे सुजलेले. मी म्हटलं, "आण इकडं ती पिशवी. मी जाते."

आता लोक म्हणतात मला चौकशा फार. चौकशा नाहीत हो, काळजी! पोरगी राहते कुठं, खाते काय, घरमालकीण कशी, हे कुणी बघायला नको का? शिवाय तिकडचे धबधबे, तिकडच्या बांबूच्या टोपल्या, लई ऐकून होते. आमचा कांदा काढून बराखीत, म्हणजे चाळीत, भरून पडला होता, हाताला काम नव्हतं. निघाले.

जुन्नरला गाडी बदलली, घाटात पोटातलं सगळं वर-खाली झालं, आणि दिवेलागणीला एसटीनं मला एका आंब्याखाली उतरवलं. सुनीता न्यायला आली होती.

"धबधबा कुठंय गं?" मी पिशवी तिच्या हातात देता देता विचारलं.

"मावशी, चैत्रात कुठला धबधबा?"

"का? रजेवर असतो का?"

"हो. पाऊस पडला की हजर होतो. उद्या शाळा सुटली की कोरडा खडक दाखवते, चालंल?"

म्हणजे बघा, एवढे हाल करून मी खडक बघायला आले होते! आमच्याकडं काय खडक कमी आहेत?

सुनीता राहायची हौसाबाईच्या घरी. हौसाबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, काटक, बोलायला गोड. नवरा नारायणगावाकडं मजुरीला गेलेला. घरात ती, तिची लहान लेकरं आणि म्हातारा सासरा. बाबा ओसरीवर कंदिलाच्या उजेडात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. शेजारी एक अर्धवट विणलेलं इरलं, तेच ते, भात लावताना बाया पाठीवर घेतात ते. काय त्या माणसाचा हात! विणताना खाली बघायचेसुद्धा नाहीत.

मी भिंतीला टेकून चौकशांना, म्हणजे काळजीला, सुरुवात केली. वर बघितलं तर छपराचं गवत काळं पडलेलं, मधूनच चांदण्या दिसतायत.

"हौसाबाई, पावसाळ्यात हे गळत नाही का गं?"

"गळतं म्हंजे! गेल्या साली पोरांना मधी घेऊन भवतीनं पातेली मांडून बसलो व्हतो. बारक्याचा ताप महिनाभर हटला न्हाई. यंदा कौलं घालनार हाय मावशी. काय बी झालं तरी घालनार."

"मग पैशाचं कसं?"

नव्या ओळखीत असं विचारू नये. कळतं मला. पण विचारलं.

"हिरडा हाय ना! उद्या दुपारी येपाऱ्याची जीप येती. समदा हिरडा त्याला द्यायचा आन कौलं सांगायची. जंगलात फिरून फिरून पायाची सालटी निघाली, पन गोळा केला बाई."

हिरडा मला चांगला माहीत. बाळगुटीत असतो तो. सहाणेवर उगाळून मी माझी पोरं वाढवली. चांगला मोठा, पिवळट, शिरा उमटलेला. मी मनात म्हटलं, असेल आत कणगीत भरून ठेवलेला.

मग बाबा म्हणाले, "सकाळी राब भाजायचाय. वारं सुटायच्या आत."

"राब म्हणजे काय हो बाबा?"

"भाताचं रोप टाकायच्या जागंवर शेन, पाला, गवत पसरायचं आन पेटवून द्यायचं. जमीन भाजली का रोप तरारून येतं."

"आणि लेंडी? आमच्याकडं कांद्याला लेंडीखतासारखं काही नाही. धनगराला हातापाया पडून मेंढरं बसवतो आम्ही रानात."

"असली तर टाकतो की लेंडी बी."

एवढंच बोलणं झालं. पण माझ्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं.

सकाळी जाग आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. सुनीता सकाळच्या शाळेला गेलेली, पोरं तिच्या मागं. हौसाबाई खालच्या झऱ्यावर पाण्याला. बाबा कुठं दिसेनात. मी तोंड धुवून अंगणात आले आणि कपाळाला हात लावला.

अख्ख्या अंगणभर लेंड्या!

काळ्याभोर, सुरकुतलेल्या, एकीला एक लागून. दावणीची एक शेळी सुटून त्यातच उभी होती, म्हणजे पुराव्याला आरोपीसुद्धा हजर. चष्मा माझ्या डोळ्यावर होता, त्यामुळं चष्म्यालाही बोल लावता येत नाही. जरा मोठ्या, लांबट वाटल्या खऱ्या. पण मी म्हटलं, डोंगरातला पाला खाऊन शेळ्यांना काय कमी? टपोऱ्या होणारच!

मला त्या बाईची कीव आली. जंगलात फिरायचं, पाणी वाहायचं, पोरं बघायची. अंगण कधी झाडणार बिचारी? आणि पाहुणी म्हणून आपण नुसतं बसून भाकरी मोडायची? छे!

पदर खोचला, खराटा घेतला आणि अंगण असं झाडलं, की जेवण वाढलं असतं तरी चाललं असतं. बाबांनी विणलेल्या पाट्या ओसरीवर होत्याच. त्यात भरभरून घराच्या मागं नेलं. तिथं राब रचून तयार होता. त्यावर सगळं पसरलं, हातानं सारखं केलं, वरून पाला ओढला. मग म्हटलं, सत्कार्य अर्धवट का सोडा? गोठ्यातली लेंडी पण झाडून आणली आणि त्यातच मिसळली. ती जरा बारीक होती. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही हो!

मग चूल पेटवून चहा टाकला आणि गाळणी हातात घेऊन ऐटीत ओसरीवर बसले. तेवढ्यात बाबा आले, चुलीतला निखारा खापरात घेतला आणि मागं गेले. मी वर म्हणते कशी, "बाबा, यंदा रोप बघाच तुमचं!"

बाबा हसले. त्यांना वाटलं, पाहुणी आशीर्वाद देतेय.

हौसाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढून आली. अंगण बघून थबकली.

"मावशी, अंगन झाडलं?"

"लख्ख!"

"आन हिरडा कुनी आत नेला? बाबानं?"

"कुठला हिरडा?"

"हितं वाळत घातला व्हता न्हवं, अंगनभर?"

"हिरडा नव्हता गं बाई. नुसत्या लेंड्या होत्या. सगळ्या..."

आणि माझी नजर घराच्या मागं गेली.

"सगळ्या काय, मावशी?"

"...राबात घातल्या."

डोक्यावरच्या दोन्ही हंड्यांसकट ती घराच्या मागं पळाली. आयुष्यात असं पळणं मी बघितलं नाही. मी मागनं, अनवाणी, हातात चहाची गाळणी तशीच.

बाबा उकिडवे बसून राबाच्या कोपऱ्याला फुंकर घालत होते. धूर निघाला होता, एक जीभ वर आली होती.

"बाबाऽऽ! हिरडा हाय त्यात!"

बाबा चमकून उठेपर्यंत तिनं एक हंडा कोपऱ्यावर उपडा केला. चर्रर्र झालं. दुसरा पण ओतला. मैलभरावरून आणलेलं पाणी! आग विझली. आणि मग तिघंही आम्ही त्या ओल्या, वाफाळणाऱ्या शेणाकडं बघत उभे.

"कुनी घातला?" बाबांनी विचारलं.

गाळणी धरलेला माझा हातच आपोआप वर झाला, शाळेत होतो तसा.

तो बाळहिरडा होता, हे मला तेव्हा कळलं. झाडाचं कोवळं फळ. वाळलं की काळं पडतं, आक्रसतं. गुटीतला पिवळा हिरडा तो मोठा झालेला. म्हणजे मी थोरल्या भावाला ओळखत होते आणि धाकट्याला झाडून टाकलं!

वस्तीतल्या चार बाया धावून आल्या. सगळ्या राबाभोवती बसलो आणि निवडायला लागलो. पाला बाजूला, शेण बाजूला, हिरडा पाटीत. दुपारच्या आत व्हायला हवं होतं, आणि त्यात मी गोठ्यातला खरा माल मिसळून ठेवलेला!

एक म्हातारी माझ्या पाटीत डोकावली. "अगं ए पावनी, ह्ये काय निवडती?"

"हिरडा."

"ह्यो हिरडा न्हाई, ह्यो आमच्या काळ्या बोकडाचा हाय!"

बाया शेणात लोळायच्या बाकी राहिल्या. हौसाबाई मात्र हसत नव्हती. ती खाली मान घालून भराभरा निवडत होती आणि मधूनच खालच्या वाटेकडं बघत होती. तिच्याकडं बघून मला असं झालं, की धरणीनं पोटात घ्यावं. मी दुप्पट जोरानं निवडायला लागले. दुप्पट जोरानं चुकायला लागले.

शेवटी दुसरी एक बाई माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमी नुसत्या बसा. तुमच्या हातापाया पडते."

निवडलेला हिरडा फडक्यानं पुसला, उन्हात पसरला, उलटा-पालटा केला. गोण्या भरून तोंडं शिवतोय तोच जीप आली.

व्यापारी पोट पुढं काढून उतरला. एका गोणीत हात घातला, मूठ नाकाशी नेली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हौसाबाई, ह्याला धुराचा वास येतोय. आन शेनाचा पन. काय भेसळ केली का काय?"

"न्हाई वो दादा. जरा... पडला व्हता."

"कुठं पडला व्हता? उकिरड्यात? असला माल मी न्हाई नेनार."

हौसाबाईचा चेहरा पांढराफटक. तिची नजर नकळत छपराकडं गेली. ती नजर मी बघितली आणि माझ्यानं राहवलं नाही. पुढं झाले.

"अहो दादा, वासाचं काय घेऊन बसलाय? घरात चूल असते, धूर लागणारच! माल बघा माल! हिरडा कसा ओळखायचा माहितीये ना? दाताखाली कडक मोडतो, तुरट लागतो. आमची पोरं ह्यावर वाढली!"

"मावशी, तुमी कोन?"

"मी आळ्याची. शेळ्या-मेंढ्या, हिरडा, सगळं कळतं मला. थांबा, तुमच्या समोर खाऊन दाखवते!"

गोण्यांची तोंडं शिवलेली. उघडी गोणी व्यापाऱ्याच्या पलीकडं. माझ्या पायाशी एक पाटी होती. तिच्यातला चांगला टपोरा बघून उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला.

"मावशी, न्हाई..." हौसाबाई म्हणाली.

पण मी चावला होता.

मऊ लागला.

काय सांगू तुम्हाला! माझ्या डोळ्यांसमोर चैत्राच्या उन्हात काजवे चमकले. थुंकावं, तर व्यापारी जीप घेऊन चालला. व्यापारी गेला, तर कौलं गेली. पोरं पुन्हा पातेल्यांच्या मधे. मी व्यापाऱ्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. अख्खी वस्ती माझ्याकडं बघत होती.

मी चावत राहिले.

"कसा हाय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

तोंड उघडायची सोय नव्हती. मी दोन बोटं जुळवून हवेत "झकास" केलं.

"तुरट हाय?"

मी जोरात मान हलवली. डोळ्यातून पाणी.

"डोळ्यात पानी आलं म्हंजे असनार तुरट," तो आपल्या ड्रायव्हरला म्हणाला. मग त्यानंही उघड्या गोणीतला एक काढून दाताखाली धरला. कट्‌कन मोडला. त्याच्या कपाळावरची आठी गेली. "माल चांगलाय की. चल रे, काटा काढ."

मी गिळलं. होय, गिळलं! दुसरा इलाज होता का?

गोण्या जीपमध्ये चढल्या. हौसाबाईच्या हातात पैसे आले, तिनं ते कपाळाला लावले आणि पदरात बांधले. जीप वळणाआड गेल्याबरोबर ती धावत माझ्याकडं आली. सकाळपासून पहिल्यांदा तिचे दात दिसले. हसू आवरेना तिला.

"अवो मावशी, गोनीतला न्हाई का घ्यायचा! ती पाटी टाकायची व्हती. तुमी निवडलेली व्हती ना ती, म्हून बाजूला ठेवलेली!"

तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं. मी चूळ भरली. पुन्हा भरली. तांब्या संपला तरी भरत होते.

बाबा ओसरीवर कामट्या सोलत बसले होते. दिवसभरात त्या माणसानं मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. आता त्यांनी मान वर केली आणि अगदी आपुलकीनं विचारलं,

"पावनीबाई, आता तरी वळखाया येईल न्हवं?"