उचलून पाहिलेलं चाक

मी पदवीधर झालो तो यमुनाआत्यामुळे. तालुक्याच्या गावी भाजीची हातगाडी ढकलून तिने मला शिकवलं. ती अजूनही ढकलते.

परवा मी माझ्या कारसाठी हलकी अलॉय चाकं बघायला गेलो होतो. कार वेगाची आहे, पण रोज ऑफिसला तीच नेतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, उचलून बघा. कंपनीचं एका हातात, हे दुसऱ्या हातात."

"शर्यतीच्या गाड्यांची असतात, तसली नाहीत?"

"आपल्या खड्ड्यांत? आठवड्यात रडत परत याल. हे परवडेल, आणि गाडी नुसती उडेल!"

चाक खरंच हलकं होतं. ते हातात असतानाच काचेबाहेर भाजीची हातगाडी घेऊन एक बाई गतिरोधकापाशी थांबली. ती पाठमोरी झाली आणि हातगाडी उलटी ओढत तिने चाकं वर चढवली. आत्या अगदी अशीच ओढते. तिच्या हातगाडीची लोखंडी चाकं किती जड असतील, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. लहानपणी मी त्याच हातगाडीवर बसून शाळेत जायचो.

तरी चाकं घेतलीच. कार आता बोटाने वळते, आणि दर वळणावर मला ओशाळल्यासारखं होतं.

आत्याला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र टाकलं:

"ती. आत्या, सा. न. रविवारी येतो. तुझ्या हातगाडीला हलकी, रबरी टायरची चाकं बसवू. हे मला फार आधी सुचायला हवं होतं. निवड मात्र तूच कर. घेण्याआधी उचलून बघायचं असतं. तुझा, दिनू."