नाव न घातलेले कागद

आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमनी टीवायच्या वर्गात एक प्रश्नावली वाटली. नाव घालायचं नव्हतं. समलिंगी मुलगा किंवा मुलगी जीव द्यायचा विचार करत असेल, तर तुम्हाला काय वाटतं, चार ओळींत लिहा. मुलं फिदीफिदी हसली, मुली खाली बघून हसल्या. मीही हसले. एवढी वर्षं हेच तर करत आले होते.

मग मॅडमनी ते सगळे कागद माझ्याकडेच दिले, उत्तरांचे गट पाडायला. हुशार म्हणून असली कामं माझ्याच गळ्यात पडायची. लायब्ररीत बसून वाचू लागले. कुणाला दया आली होती. कुणी लिहिलं होतं, नाटकं असतात सगळी. बऱ्याच जणांना आईबापांच्या अब्रूची काळजी. मरायला निघालेल्याची काळजी अगदीच नव्हती असं नाही, पण ती शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. मला संताप येत होता, आणि संताप येत होता तोवर मी ठीक होते.

मग तिचा, माझ्या जिवलग मैत्रिणीचा, कागद निघाला. नाव नसलं म्हणून काय झालं? दोन वर्षं ती माझी जर्नलं उतरवून घेत होती, मी तिची. ते उजवीकडे कललेलं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. 'असं जगण्यापेक्षा गेलेलं बरं. घरच्यांची तरी सुटका.' जिच्यावर माझा जीव होता, तिनेच माझा निकाल लावला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला ते पटलं. लिहायची आजही लाज वाटते, पण पटलं.

पाचच्या एसटीत तिने रोजच्यासारखी माझी जागा धरली होती. तिचा बाप न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो; त्याच्या नव्या गाडीचं ती कौतुकाने सांगत राहिली. मी मध्येच म्हणाले, "तुझा कागद मी वाचला. तू लिवलंस ती मुलगी मीच हाय. आणि तुझं बरोबर हाय."

बाहेर मिठागरं संपली. मग तिने हळूच विचारलं, "जीव द्यायचं मनात हाय तुझ्या?"

"हाय."

तिचा थांबा आला, ती उठली नाही. माझ्या घरापर्यंत आली. आई ओटीवर वाल सोलत होती. ती आईला म्हणाली, "काकी, हिला एकटी सोडू नको." कारण तिने सांगितलं नाही. आईने माझ्याकडे नीट बघितलं आणि मला जवळ बसवून वालाची परात पुढे सरकवली. मी सोलू लागले.

दुसऱ्या दिवशी एसटीत तिने शेजारी, माझ्या जागेवर, दुसरीच मुलगी बसवली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी मागे दांडी धरून उभी राहिले आणि कॉलेजला पोचले.