दही लागेल असा लॅपटॉप

जुना लॅपटॉप बदलायला दोन कारणे होती. पहिले, वजन. भोरहून मोटारसायकलने मार्गासनीवरून वेल्ह्याला जायचे, एखादी ग्रामसभा किंवा मोर्चा चित्रित करायचा, तिथेच बसून ते चित्रण लॅपटॉपवर कापून-जोडायचे आणि बातमीसह पाठवायचे, हे माझे काम. पाठीवरची पिशवी हलकी केल्याशिवाय दुखणे थांबणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दुसरे, लॅपटॉप आता चित्रण कापताना मध्येच बंद पडत असे. म्हणून हलका आणि तरीही ताकदवान लॅपटॉप घ्यायचे ठरले.

घरचा वापर वेगळा होता. थंडीत आईचे दही लागत नसे. माझी आत्या, म्हणजे आईची थोरली नणंद, मार्गासनीहून यायची, वाटी तिरकी करून बघायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, "तुझं विरजणच चांगलं न्हाई गं." जुना लॅपटॉप भरपूर तापतो, हे आईच्या लक्षात आल्यावर परिस्थिती बदलली. संध्याकाळी माझी बातमी गेली की कीबोर्डवर ताटली, ताटलीत पातेले आणि वर जुनी शाल, अशी रचना होई. आत काहीतरी जड काम चालू ठेवणे ही माझी जबाबदारी. एकदा ताटलीखाली दुसऱ्या दिवशीच्या बातमीची फाइल उघडी राहिली आणि सकाळी मी ती न बघताच पाठवली. चाऱ्याच्या टंचाईच्या बातमीखाली 'ज' हे अक्षर चार पाने गेले. संपादकांनी खुलासा मागितला. दही मात्र लागले होते.

आत्या रविवारी जेवायला येणार होती. आम्ही शनिवारी दुकानात गेलो. आई सोबत आली.

"तुझं काम तू बघ," ती म्हणाली. "माझं मी बघती."

दुकानदाराने सर्वात हलका लॅपटॉप दोन बोटांवर तोलून दाखवला. "काकू, दिवसभर चालवा. अजिबात तापत नाही."

"मग काय उपयोग?" आई म्हणाली.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. प्रत्येकाच्या थंडपणाची त्याने हमी दिली आणि प्रत्येक हमीबरोबर आईचा चेहरा उतरत गेला. एक लॅपटॉप चांगला तापत होता, पण तो जुन्यापेक्षाही जड निघाला. आईने तो मांडीवर घेतला आणि माझ्या पाठीकडे बघून परत दिला.

शेवटी पातळ, करड्या रंगाचा एक लॅपटॉप आला. मी त्यावर सोबत आणलेले चित्रण कापायला घेतले. काम झपाट्याने होत होते. पाच मिनिटांत पंखा घोंगावू लागला आणि दुकानदार मोठ्याने हवामानावर बोलू लागला. शेजारी वेल्ह्याकडचे एक मेंढपाळ मोबाईलची काच बदलायला आले होते. त्यांनी कोकराचे अंग गरम आहे का बघावे तसा पालथा हात लॅपटॉपखाली घातला.

"ह्याला ताप हाय," ते म्हणाले. "घिऊ नगा, मावशी."

आईने तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. "कोमट हाय. आजून चालू दे रे जरा."

दुकानदाराने हार मानली. "काकू, हलका पण पाहिजे आणि जोर पण पाहिजे, म्हटल्यावर थोडा तापणारच. आत हवा खेळायला जागा कुठंय?"

"हे आदी सांगायचं की," आई म्हणाली. "हाच द्या."

मेंढपाळांनी मान हलवली आणि आपल्या मोबाईलकडे वळले.

त्या संध्याकाळी माझ्याकडे जड काम नव्हते. वेल्ह्याच्या एका ग्रामसभेची तीन तासांची चित्रफीत मी नव्या लॅपटॉपवर पूर्ण लांबीत तयार करायला लावली. ती कोणी मागितली नव्हती. सकाळी आईने पातेले तिरके केले. दही हलले नाही.

रविवारी आत्याने वाटी तिरकी केली, मग आणखी तिरकी केली. "घट हाय. कशावर लावलंस गं?"

"लॅपटॉपवर, वन्सं."

आत्याने माझ्याकडे पाहिले. मी दुजोरा दिला.

"मग जुना कुठं हाय?"

"पडलाय की कपाटात," आई म्हणाली.

"मला द्या त्यो. आमच्याकडं लई गारठा हाय."

तो मध्येच बंद पडतो, हे मी सांगितले. "मला कुठं काय लिवायचंय?" आत्या म्हणाली. आईने लॅपटॉप स्वतःच्या हाताने जुन्या साडीत बांधला आणि आत्या तो मांडीवर घेऊन एसटीत बसली.

सोमवारी सकाळी मी चहासाठी साखर शोधत होतो. पिठाच्या डब्यामागे जुन्या लॅपटॉपचा चार्जर सापडला. वायर नीट गुंडाळून तिला दोरा बांधलेला होता. तेवढ्यात आत्याचा फोन आला. तिचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येत होता. लॅपटॉप थोडा वेळ चालला, मग गार पडला आणि पातेल्यात दूध तसेच राहिले.

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"विरजणच चांगलं नसंल, वन्सं," ती म्हणाली.

मी चार्जर होता तिथे परत ठेवला.