पाचोडला जाणाऱ्या गाडीचं झाकण

पत्नी गेल्यानंतर तिची कॉन्टेसा इमारतीखाली तशीच उभी राहिली. मला गाडी चालवता येत नाही. आमच्यात चालवणारी ती, आणि शेजारी मांडीवर पुस्तक घेऊन बसणारा मी. गाडी तिच्या माहेरची, पाचोडची. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली आणि लेकीला त्यांनीच शिकवलेली. लांब बॉनेट, रुंद अंग, सुरू होताना घसा खाकरल्यासारखा आवाज. ‘आपल्याकडची मसल कार’ असं ती सांगायची, आणि समोरच्याला नाही कळलं तर ‘पैलवान’ म्हणायची.

आजारपणात तिनं एकच गोष्ट मागितली. गाडी विकायची नाही, भावाकडे पाठवायची; आणि ती स्वतः चालत गेली पाहिजे. टोचन लावून, दुसऱ्या गाडीच्या मागे दोरीला बांधून पैठण रोडनं ओढत नेलेली तिला चालणार नव्हती. मी हो म्हणालो होतो. ती गेल्यावर घरात माझ्यासाठी असं ठरलेलं काम हे एवढंच उरलं.

शेजाऱ्यानं क्रांती चौकाजवळच्या गॅरेजपर्यंत गाडी कशीबशी चालवत नेली, पण वाटभर तेल गळत होतं. मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून माझ्यासमोर धरलं. पसरलेल्या पंजापेक्षा थोडं मोठं, ओतीव, काळं पडलेलं. गिअरची दांडी त्यातूनच वर येते. त्याला कडेपर्यंत तडा गेला होता.

“वेल्डिंग नाय टिकायचं सर. दुसरं बघा. अन् हे संगं न्या. नमुना नसला तर दुकानात कुणी बोलणार बी नाय.”

जुन्या पार्टांच्या बाजारात ही रीतच आहे. गाडीचं नाव, साल, मॉडेल कुणी विचारत नाही. जुना तुकडा पुढे ठेवायचा, दुकानदार ढिगातून तसाच दुसरा काढतो, दोन्ही पाठीला पाठ लावून बोट फिरवतो, झालं. ग्रंथालयात पुस्तकं नेण्याची माझी कापडी पिशवी होती, तीत मी झाकण घेऊन हिंडू लागलो. घरी आल्यावर ते टेबलावर काढून ठेवायचो. बोलायला कुणी नसल्यामुळे कधी कधी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचो.

“इतनी बडी गाडी में अकेले बैठते क्या सर?” एका दुकानदारानं विचारलं.

“मला चालवता येत नाही,” मी म्हणालो.

तो इतका हसला की शेजारच्या दुकानातला माणूस उठून बघायला आला. त्यालाही सांगण्यात आलं. दोघांनी मला चहा पाजला.

त्यानंच नमुन्याला तंतोतंत जुळणारं झाकण दिलं. ते गाडीवर बसेना. एका बाजूचे बोल्ट लागले की दुसऱ्या बाजूची भोकं सरकायची. मिस्त्री म्हणाले, पीस वाकडा आहे. दुसऱ्या दुकानातून दुसरं आणलं. नमुन्याला तेही जुळलं आणि गाडीवर तेही बसलं नाही. मेहुण्याचा फोन आला, “दाजी, किती दिवस हिंडताव? टोचन लावून आणतो की मी.” मी नको म्हणालो. पिशवी उचलली आणि पुन्हा बाजारात निघालो.

मी इतिहास शिकवायचो. विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांकडे जायचो तेव्हा झिजलेल्या अक्षरांवर कागद ठेवून ठसे घ्यायचो. त्या दिवशी गॅरेजमध्ये मिस्त्री जेवायला बसले होते, आणि उघड्या गिअरबॉक्सकडे बघताना मला ते आठवलं. वर्तमानपत्राचं पान त्याच्या तोंडावर पसरलं आणि कडेकडेनं बोट दाबत गेलो. तेलाची काळी रेघ उमटली, भोकं गोल गोल उमटली. मग जुनं झाकण त्या कागदावर ठेवलं. जुळेना. झाकण उलटंसुलटं करून पाहिलं, तेव्हा दिसलं की त्याची चार भोकं कुणीतरी कानशीनं घासून लांबट केली होती. म्हणजे आमचा नमुनाच दुसऱ्या कुठल्या गाडीचा होता. त्याला दमदाटी करून इथं बसवलेलं होतं.

मिस्त्री हात धुऊन आले. त्या लांबट भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं. “च्यायला,” एवढंच म्हणाले, आणि मग, “माझ्या बी ध्यानात नाय आलं सर.”

आता मी कागद घेऊन गेलो, तर चहा पाजणारा दुकानदार म्हणाला, “पेपर नक्को सर, पार्ट लाओ. भजी बांधायची का यात?” शेवटी मिस्त्रींनीच चौकशी करून सांगितलं की चितेगावला एका शेडमागे अशीच एक कॉन्टेसा चाकांशिवाय पडलेली आहे. तिचं झाकण गॅरेजमध्ये आणून कागदावर ठेवलं तेव्हा सगळी भोकं भोकांवर आली. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी वळलो. मिस्त्री गाडीखाली होते.

झाकण बसल्यावर मेहुणा गाडी न्यायला आला. मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो. बिडकीन मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तरी त्याचा डावा हात गिअरवरच होता. तीही तशीच चालवायची. तिची ती ऐट आहे असं मी समजत आलो होतो.

“हात का ठेवलास?”

“सवय, दाजी. पाचवा टाकला की सोडायचा नाय, ताईनं शिकवलं. सटकायचा ना तो.” मग त्यानं जरा बिचकत सांगितलं. एका दिवाळीत पाचोडला मूळ झाकण फुटलं होतं. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं मिळेल ते घासून बसवलं. गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग झाकणातच असते, ती तेव्हापासून कधी नीट बसलीच नाही. “ताई म्हणली, यांना सांगू नको. सारखं गिअरकडं बघत बसतील, वाचायचं सोडून.”

त्यानं हात हळूच उचलला. गिअर सटकला नाही. किती वर्षं तिनं तो धरून ठेवला होता, आणि मी शेजारी पानं उलटत होतो.

पाचोडला दारात मेहुण्याची बायको भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळतात तसं गाडीवरून ओवाळावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं बॉनेटवरून तुकडा ओवाळला, चाकापाशी पाणी ओतलं आणि पदर डोळ्यांना लावून घरात गेली.

“राहा की दाजी आज,” मेहुणा म्हणाला.

मी नको म्हणालो आणि चालत फाट्यावर आलो. बसची वाट बघत असताना गावातून गाडी सुरू केल्याचा आवाज आला. कुणाला तरी दाखवत असतील. बस आली तेव्हाही तो चालूच होता.