एका चुलीवर एक कार्ड

शेखर माहा लहाना भाऊ. सख्खा, माह्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. अंजनगावात कोनालेही इचारा, याले उभं कोनं केलं? सांगतीन, केशवरावनं. गाडी चालवाले मी शिकवलं, अमरावतीच्या भाजीबाजारातल्या दलालाईची ओळख मी करून देल्ली, बायको मी पाहून देल्ली. मी सातवी शिकलो. तो बारावी झाला, थे बी माह्या जिवावर. आता हे सांगाले लाज कायची?

आमच्या गल्लीत चौदा घरं हायेत. तेरा घरचे भाऊ अलग झाले. एका घरी तं आंगनात मधातून तारेचं कुंपन हाये, कोंबड्याईलेही समजत नाही कोनत्या बाजूनं दाने टिपाव. चौदावं घर आमचं. दोन भाऊ, दोन जावा, पोरंबाळं धरून आठ मानसं आन् चूल एक. कोनाच्या घरी वाटनीची बैठक बसली का मले बलावतेत. मी एकच सांगतो, "माह्या घरी येऊन पाहा. एका गंजात चहा होते."

शेखर बोलते कमी. पन डिझेलचा त्याच्यासारखा कंजूष मानूस मी नाही पाह्यला. टायरातली हवा पहाटे भरते, रबर थंड असते म्हने. भाजीच्या कॅरेटवरची ताडपत्री अशी आवळून बांधते का नवरदेवाचा फेटा सैल वाटाव; मधात हवा शिरली का गाडी ओढते, डिझेल जाते. बडनेऱ्याच्या फाटकावर गाडी बंद करून चाबी खिशात ठेवते. एकदा मोतीराम मामा अमरावतीले निघाले. मामाचं वजन एकशेदहा किलो. शेखरनं त्याईले आपल्या खर्चानं एसटीत बसवून देल्लं.

मामा म्हने, "काबे, भाच्याच्या गाडीत जागा नाही काय मले?"

"जागा हाये मामा. अव्हरेज नाही."

सारं घर दोन दिवस हासलं. मीही हासलो.

तीन वर्षाआंधी बडनेरा रोडवर ठोक मालाचं मोठं दुकान निघालं. वर्षाची फी भरा, मेंबर व्हा, मंग साखर, तेल, साबन ठोक भावात. आन् दुकानाच्या मांगं त्याईचाच पंप. मेंबरले डिझेल लिटरमांगं साडेतीन रुपये कमी. शेखर एक दिवस घरी आला थो पळतच. म्हने, "दादा, धंद्याचा कागद लागते. भाजीच्या गाळ्याचं लायसन तुह्या नावानं हाये. तू मेंबर हो, मी तुह्यावर जोडकार्ड घेतो."

मेन मेंबर मी झालो. माहा फोटो असलेलं कार्ड आलं, खाली जाड अक्षरात केशवराव निमकाळे. शेखर जोडकार्डवाला. मी भरलं तं हाती पावती, त्यानं भरलं का मेसेज माह्या मोबाइलवर ये, 'आदरणीय सदस्य केशवराव'. मी ओट्यावर बसून चार लोकाईले वाचून दाखवो. अख्ख्या अंजनगावात आदरणीय सदस्य तवा मी एकटा होतो.

एकच गोष्ट शेखरले टोचे. एका कुटुंबाले महिन्याचं दोनशे लिटरच स्वस्त भावात मिळे. त्याची पिकप रोज अमरावती, मधातमधात अकोला, आन् माही जुनी गाडी मंगळवारी-शुक्रवारी. वीस तारखेले कोटा खतम. मंग दहा दिवस पूर्न भावानं भरा. थे दहा दिवस त्याले जेवन गोड लागे नाही.

मी म्हटलं, "आपन काय भिकारी हावो? भर पूर्न भावानं."

"भिकाऱ्याचा सवाल नाही दादा. स्वस्त डिझेल समोर दिसून राह्यलं आन् उचलता नाही येत."

त्यानं दुकानातल्या वर्षालीले इचारलं. ही पोरगी काउंटरवर बसते. दुसरं कार्ड मिळन काय म्हने. ती हासली, "दादा, एका चुलीवर एकच कार्ड." हे त्यानं घरी येऊन सांगतलं तवा मले लय बरं वाटलं. म्हटलं, पाहा, दुकानवाल्यालेही चुलीची किंमत हाये.

मंग दिवाळी झाल्यावर मेसेज येनं बंद झाले. शेखर रोज जाये, रोज भरे, माहा मोबाइल गप. मले वाटलं रेंजचा झमेला असन. मोबाइल बदलून आनला, नवा, भारीचा. तरी गप.

परवाच्या मंगळवारी मी सोता दुकानात गेलो. वर्षफीची मुदत संपत आल्ती. वर्षालीनं कॉम्प्युटरमंधी पाह्यलं आन् म्हने, "काका, तुमच्यावर आता जोडकार्ड नाही. शेखर निमकाळे यांनी वेगळी मेंबरशिप घेतली ना, स्वतंत्र कुटुंब म्हणून."

"कोनतं स्वतंत्र कुटुंब?"

"विभक्त रेशनकार्ड जोडलं आहे त्यांनी. आणि तुमचं संमतीपत्र."

तिनं कागद माह्याकडे फिरवला. वर लिव्हलं होतं, आमी दोघं भाऊ राजीखुशीनं विभक्त झालो, चूल अलग हाये. खाली सही माही. खाली दोन रेघा, वर एक टिंब. अशी सही वऱ्हाडात दुसऱ्याची नाही. शेखर कागद आने, पीकविम्याचे, ब्यांकेचे, आन् मी सही करो. भावाचा कागद मी कधी वाचला नाही. वाचाले लागलं तं भाऊ कायचा?

वर्षाली म्हने, "पाणी देऊ का काका?" मी नाही म्हटलं. डिझेल न भरताच गाडी घराकडे घेतली.

संध्याकाळी शेखर आला, हातपाय धुतले. मी ओट्यावरच होतो.

"तुही चूल कोठी हाये शेखर?"

त्याले समजलं. टॉवेल खांद्यावर टाकून उभा राह्यला. "कागदावर अलग झालो दादा. घरात थोडी झालो."

"इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

"म्हनून इचारलंच नाही?"

"महिन्याचे सातशे रुपये वाचून राह्यले. घरातच आले ना थे? कागद कोनाले दिसते?"

"मले दिसला. त्या पोरीले दिसला."

जयवंता, म्हनजे आमच्या घरची, दारात आली. मी तिले म्हटलं, "आयकलं का? आपल्या घरात दोन रेशनकार्डं हायेत." मंग माह्या डोक्यात आलं, रेशनच्या दुकानात हीच जाते. कार्डावरून चार नावं कमी झाली, हिनं पाह्यलं नसन?

"तुले मालूम होतं?"

"दिवाळीपासून."

"सांगतलं काहून नाही?"

"तुमी गल्लीभर सांगत फिरता, आमची चूल एक, आमची चूल एक. मी कोनत्या तोंडानं सांगू?"

पौर्णिमा, शेखरची बायको, मांगं भाकरी थापून राह्यली होती. ती माह्याशी सरळ बोलत नाही, मोठा दीर म्हनून. तवा उठली, हाताचं पीठ तसंच. म्हने, "ताई, दादाले सांगा, याईनं आमच्यासाठी नाही केलं. एक लिटरही आमच्या माहेरी नाही नेलं."

मी म्हटलं, "माहेरी नेलं असतं तं बरं होतं." आन् शेखरले सांगतलं, "उद्या सकाळपरेंत थे डिझेलचं नवं कार्ड देवाच्या फळीवर ठेव. मी थे वापस करून येतो, तुमची नावं माह्या रेशनकार्डावर चढवून घेतो. नाही ठेवलं तं चूल खरीच अलग कर. कागद खोटा नको राहाले."

"वर्षाची फी भरली दादा. वर्षभर चालू दे. मंग मीच—"

"सकाळपरेंत."

तो जेवाले बसला नाही. मीही नाही. आमच्या घरात भाकरी उरली, असं मले आठवते तवापासून पयल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तं पिकप निंगून गेली होती, नेहमीसारखी. देवाच्या फळीवर कार्ड होतं. मी बाहेर आवाज देल्ला, "पाह्य जयवंता, माहा भाऊ हाये थो. माह्या शब्दाच्या बाहेर नाही."

तिनं कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं. "हे जुनं हाये. जोडकार्ड. बंद पडलेलं. याच्यावर तं तुमचंच नाव हाये."

तेवढ्यात मांगच्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली. आमचा कुकर पुढच्या खोलीत फळीवर पालथा होता. मी वाकून पाह्यलं. ज्या छोट्या शेगडीवर सनासुदीले पापड भाजतो, थे पौर्णिमानं मांडली होती. बाजूले साखरेचा नवा डबा, त्याच दुकानातला, वर ठोक भावाची चिठ्ठी तशीच चिटकलेली.

जयवंता पदराले हात पुसत म्हने, "चहा इकडचा घेता का तिकडचा?"

मी चहा नाही घेतला. चाबी घेतली, जुनी गाडी काढली आन् गावातल्या पूर्न भावाच्या पंपावर लावली. महिन्याची पाच तारीख होती, माह्या कार्डावर आख्खा कोटा शिल्लक.

पंपावरचा बुधाजी म्हने, "अरे केशवराव, इकडे कसे आज? तुमचं तं तिकडे कार्ड हाये ना?"

मी म्हटलं, "टाकी फुल्ल कर."